दुर्गाबाईंचा लाडवांचा डबा

मी एक जुना पितळी डबा आहे. पण मित्रांनो, मला नुसता डबा म्हणू नका! अकोल्याच्या तांबटाने मला ठोकून घडवले, पातूरच्या माहेराने दुर्गाबाईंना लग्नात दिले. माझ्या पोटावर त्यांचे नाव कोरलेले आहे. तिवशाच्या या घरात सहा बाळंतपणे झाली आणि सहाही वेळा डिंकाचे लाडू माझ्यातच राहिले. स्टीलच्या डब्यांनी माझ्यापुढे मिरवू नये.

मग सून भावना आली. तीन वर्षे झाली तरी पाळणा हलला नाही. सुनेला ताकद कमी पडते असे ठरवून दुर्गाबाईंनी बाळंतिणीचे लाडू आधीच सुरू केले. रोज दोन, वर तूप. मी तोंडापर्यंत भरलेला असे आणि ऐटीत बसे. इकडे भावनाचे वजन वाढत गेले, पाळी चार-चार महिने येईना. ती न्हाणीघरात रडे. मला वाटे, अजून लाडू हवेत. चूक माझीही होती.

शेवटी अमरावतीच्या डॉक्टरकडे जायचे ठरले. दुर्गाबाईंनी मला पिशवीतून नेले आणि थेट टेबलावर ठेवले.

"इले रोज दोन लाडू देऊन राहिली मी, डॉक्टरीणबाई. काई कमी नाई केलं!"

डॉक्टर प्राजक्तांनी झाकण उघडून वास घेतला. "लाडू फक्कड आहेत, आई. पण हे बाळंतपणानंतरचे." तपासण्यांचे कागद पाहून त्या म्हणाल्या, "वजन फार वाढलं की संप्रेरकांचा तोल जातो, बीजांड वेळेवर तयार होत नाही. हिचं तेच झालंय. यात हिचा दोष नाही. थोडं वजन उतरलं तरी पुष्कळदा पाळी मार्गी लागते."

"मंग मले आधी काहून नाई सांगतलं कोनी?" दुर्गाबाईंचा आवाज पडला.

त्या दिवसापासून मी रिकामा. सासू-सुना रोज सकाळी सडकेने चालू लागल्या. लोक हसले, त्या चालतच राहिल्या. ताटात भाकर आणि भाज्या आल्या, औषधेही सुरू झाली. मी फळीवर रुसून बसलो होतो.

सहाव्या महिन्यात भावना धावत स्वयंपाकघरात आली. "आई, आली माही पाळी! सलग तिसऱ्यांदा, तारखेवर!"

पूर्वी सुनेची पाळी आली की दुर्गाबाईंचे तोंड उतरत असे. त्या दिवशी त्यांनी मला चिंचेने घासून लख्ख केले, एकच लाडू वळून माझ्यात ठेवला आणि संध्याकाळी दोघींनी अर्धा-अर्धा खाल्ला. इतका भरलेला मी कधीच नव्हतो.

मित्रांनो, मायेने वाढा, पण विचारून वाढा. पाळी चुकत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. सातव्या बाळंतपणाची मी वाट पाहतो आहे. ते होईल तेव्हा होईल. न्हाणीघरातले रडणे थांबले आहे, आणि त्यात माझ्या रिकामेपणाचाही वाटा आहे.