आधी झाडलेली वाट

एदेल्मिराचं पत्र भर पावसाळ्यात आलं होतं आणि लिओन्सिओनं त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र तसं लहानच होतं. लिमातल्या शिवणाच्या कारखान्यात मालकानं निम्म्या बायका कमी केल्या, खोलीची भिंत ओल धरते, खोकला जात नाही, एवढं दोन ओळींत उरकून मुलीनं बापाला लिहिलं होतं, "ताइता, फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता, म्हणून लिहिते. मी परत येऊ का? आपल्या घरात पाहुण्यांसाठी चार खाटा टाकू. स्वयंपाक मी बघेन, वाट विल्बेर दाखवील. तुम्ही फक्त ये म्हणा, नाहीतर नको म्हणा. कदाचित म्हणू नका."

"कदाचित" हा शब्द पाक्चाकांचा या त्याच्या डोंगरातल्या गावात लिओन्सिओच्या नावाला कायमचा चिकटला होता. परदेशी पाहुण्यांना खिंडीपलीकडच्या अंकशपाताच्या पडक्या नगरीत घेऊन जायचं, हे काम त्यानं जन्मभर केलं होतं. कोणी तंबूत विसरून गेलेली, कोणी मुद्दाम ठेवून गेलेली इन्का लोकांवरची पुस्तकं तो घरी आणून शब्दकोशाच्या आधारानं वाचत बसे. जितकं जास्त वाचलं तितकं त्याला कमी बोलता येऊ लागलं. पाहुण्यांनी विचारलं की ही खोली कशाची, तर तो टोपी काढून म्हणे, "कदाचित धान्याची. कदाचित पहारेकऱ्यांची. एक प्राध्यापक म्हणतात की..." प्राध्यापक काय म्हणतात ते ऐकायला पाहुणे थांबत नसत. मागून खेचरवाले हसत, "ताइता कदाचित, चला, ऊन उतरलं."

पत्राला उत्तर लिहायला तो कितीदा तरी बसला. "ये" हा शब्द हाताशीच होता. बायको गेल्यापासून तो बटाटे उकडून चुलीपाशी उभ्यानंच खात असे, आणि दुसरी ताटली फळीवर पालथी घातलेली होती ती तशीच होती. पण ये म्हणावंसं वाटतंय ते तिच्यासाठी की आपल्यासाठी, हे त्याला ठरवता येईना. पलीकडच्या खोऱ्यातून अंकशपातापर्यंत रस्ता येणार, त्यावर रोपवे येणार, असं लोक बोलत होते. लोक तर रेल्वे येणार असंही एकदा बोलले होते. खरं काय होईल ते कोणाला ठाऊक, आणि ज्याला स्वतःच्या डोळ्यांसमोरच्या भिंतीबद्दल छातीठोक काही सांगता येत नाही त्यानं मुलीचं आयुष्य एका शब्दात कसं ठरवावं? पत्र पुस्तकात राहिलं.

पाऊस सरला आणि गावकामाचा दिवस आला. गावापासून खिंडीपर्यंतची जुनी दगडी वाट पाक्चाकांचातल्या घरांमध्ये वाटलेली होती. प्रत्येक हिश्श्याच्या डोक्याशी त्या घराचा एक दगड उभा असे. पावसानं वाहून आणलेली माती, उगवलेलं इचू गवत, निसटलेल्या पायऱ्या, हे ज्याचं त्यानं बघायचं. लिओन्सिओचा हिस्सा वर खिंडीजवळ होता. बायकोच्या माहेरचा हिस्सा खाली, ओढ्याच्या वळणावर, आणि तिच्यामागे तो एदेल्मिराच्या नावावर आला होता. दरवर्षी तो पहाटे वर चढे, आपलं काम आटपे आणि उतरताना मुलीचा हिस्सा साफ करी. यंदा उजवा गुडघा दुखत होता. त्यानं ओढ्याच्या वळणावरच फावडं खाली ठेवलं, मुलीचा हिस्सा आधी झाडला आणि मग हळूहळू वर गेला.

येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहिलं. 

*

जुलैत, डोंगरातल्या ऐन हिवाळ्यात, तीन पाहुणे आले. एक नवरा-बायको आणि बायकोची बहीण. पूर्वी या दिवसांत ओढ्याकाठी तंबूला जागा मिळत नसे. आता तीन माणसांसाठी विल्बेर आणि लिओन्सिओ दोघं निघाले, कारण घरी बसून दोघांनाही काही करायचं नव्हतं. विल्बेर लिओन्सिओच्या बहिणीचा मुलगा, मामाला तो तिओ म्हणे. तोंडानं गोड, पायानं चपळ. वाटेतल्या एका अर्धगोल भिंतीपाशी तो थांबला आणि इन्काची राणी इथे बसून केस विंचरायची, असं त्यानं सांगितलं. धाकट्या बहिणीनं त्या दगडावर बसून फोटो काढला.

पाहुणे पुढे गेल्यावर लिओन्सिओ हळूच म्हणाला, "अरे, ती भिंत माझ्या आजोबांनी मेंढरांसाठी घातली."

"घातली ना? मग राणीच्या वेळी त्यांनी मेंढरं बाहेर काढली असतील."

"पण राणी..."

"तिओ, तुम्ही खरं सांगता तेव्हा लोक घड्याळ बघतात. मी खोटं सांगतो तर फोटो काढतात. आता यात देवानं कोणाला शिक्षा करायची?"

लिओन्सिओला हसू आलं. आजोबांनी तरी ते दगड कुठून आणले होते, याची त्यालाही खात्री नव्हतीच.

खिंडीत पोहोचल्यावर रीतीप्रमाणे सगळ्यांनी खालून आणलेला एकेक दगड ढिगावर ठेवला. लिओन्सिओनं कोकाची तीन पानं बोटांत धरून समोरच्या बर्फाच्या आपूकडे, गावाच्या पर्वतदेवाकडे, तोंड केलं, पानांवर फुंकर घातली आणि ती दगडाखाली सारली. मान वर केली तेव्हा त्याला पलीकडची कड दिसली. गेल्या वर्षीपर्यंत ती हिरवट करड्या रंगाची होती. आता तिच्यावरून वरपर्यंत एक लाल ओरखडा गेला होता आणि त्यावर पिवळी यंत्रं किड्यांसारखी सरकत होती. वर, अंकशपाताच्या सपाटीच्या अगदी काठाशी, एक लोखंडी मनोरा उभा होता.

थोरल्या बाईनं दुर्बीण लावली. "ते काय आहे?"

विल्बेरनं तिला रस्त्याचं आणि रोपवेचं सांगितलं. पुढच्या हंगामात माणसं सकाळी गाडीनं येतील, वर जातील आणि जेवायला शहरात परत.

"मग या वाटेनं कोण येणार?" तिनं विचारलं.

विल्बेरनं मामाकडे पाहिलं, जणू हा प्रश्न त्याच्या खात्यातला होता. लिओन्सिओनं टोपी काढली. नेहमीचा शब्द ओठांवर आला आणि तिथेच राहिला.

"कोणी नाही," तो म्हणाला.

पाहुणे भाकरी-चीज खायला वाऱ्याच्या आडोशाला गेले. विल्बेर बुटाची नाडी सोडून परत बांधत बसला.

"तिओ, एक सांगायचं होतं. मी तिकडे नाव दिलंय. रोपवेवर. ते गणवेश देतात."

"बरं केलंस."

"रागावला नाहीत?"

"राणीची गोष्ट तिकडेही चालेल तुझी."

विल्बेर हसला नाही. "मग एदेल्मिराला आता तुम्हीच सांगा. मी सांगून पाहिलं. फोनवर म्हटलं, बाई गं, मी इथे नसणार, पाहुणेही नसणार, तू चार खाटांवर कोणाला झोपवणार? तर मलाच म्हणते, तू घाबरट आहेस."

"तिला माझं पत्र गेलेलं नाही अजून."

"पत्र कशाला हवं? ती म्हणते, ताइतांनी उत्तर दिलंय." विल्बेरनं नाडी घट्ट ओढली. "तुम्ही तिचा हिस्सा आधी झाडलात ना. शेजारच्या पाउलिना काकूनं तिला दुसऱ्याच दिवशी कळवलं. ती रडली म्हणे फोनवर. कारखाना सोडतेय ऑगस्टअखेर. शिलाईमशीनसुद्धा विकायला काढलंय."

लिओन्सिओ तिथल्या तिथे खाली बसला.

रीत त्याला माहीत नव्हती असं नाही. आपला हिस्सा आधी आणि मग दुसऱ्याचा झाडला, तर ती नुसती राखण. दुसऱ्याचा आधी झाडला, तर ते बोलावणं. तुझी वाट मोकळी केली, आता घरी ये. त्याच्या आईनं खाणीत गेलेल्या त्याच्या भावाला असंच बोलावलं होतं, आणि भाऊ आलाही होता. पण त्यानंतर कोणी कोणाला असं बोलावल्याचं त्याला आठवत नव्हतं. ही रीत कुठल्या पुस्तकातही नव्हती, आणि जे पुस्तकात नाही ते अजून जिवंत आहे की मेलं, याबद्दल तो नेहमीच साशंक असे. लिमाच्या ओल धरलेल्या खोलीत ती रीत जिवंत होती.

"माझा गुडघा दुखत होता," तो म्हणाला.

"हे तिला सांगा. मला सांगून काय उपयोग?"

*

ऑगस्टच्या पहिल्या दिवशी, धरतीला चिचा, म्हणजे मक्याची दारू, पाजून झाल्यावर, गावची सभा भरली. बोलण्यासारखं फार नव्हतं. सिक्स्तो गावचा प्रमुख, लिओन्सिओच्या बरोबरीचा, दोघं एकाच बाकावर शिकलेले. त्यानं एकेका हिश्श्याचं नाव घेतलं आणि ज्याचं त्यानं उत्तर दिलं. निम्म्या नावांना कोणी ओ दिली नाही. मग त्यानं विचारलं की पुढल्या वर्षी वाट झाडायची का. एक म्हातारी म्हणाली, आपूला भेटायला तरी वाट हवी. कोणी तरी म्हणालं, आपूला आता रोपवेनं भेटू. थोडं हसणं झालं. मग हात वर झाले आणि वाट सोडून द्यायचं ठरलं.

"एक दगड मात्र बोलावणं देऊन उभा आहे," सिक्स्तो म्हणाला. सगळ्यांनी लिओन्सिओकडे पाहिलं. "तुझ्या पोरीचा. ती येणार असेल तर गावानं तिला जमीन द्यायला हवी, पाणी द्यायला हवं. आहे त्यातलं. कशावर जगेल ते तुम्ही बापलेक बघा, पण बोलावलंय तर बोलावलंय. तेव्हा सांग बाबा. ती येणार की नाही?"

मागून खेचरवाला पुटपुटला, "कदाचित." या वेळी कोणी हसलं नाही.

लिओन्सिओ उठला. त्याला पाच माणसांसमोर बोलायचं म्हटलं की घाम फुटे. "माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत ये," तो सिक्स्तोला म्हणाला. "साक्षीला."

बोलावणं मागे घ्यायचं तर बोलावणाऱ्यानंच दगड आडवा करायचा असतो. दोघं म्हातारे वळणावर पोहोचले. हिस्सा स्वच्छ होता, पायरीला पायरी लागलेली. कडेनं पहिलं गवत परत डोकं काढत होतं. सिक्स्तोनं पोंचो सावरला.

"थांब जरा. घाई काय आहे? येऊ दे की पोरीला. तुझ्या घरात चूल तरी पेटेल नीट."

"माझ्या घरात पेटेल."

"मग?"

"तिचं काय? मी किती दिवसांचा? माझ्यामागे ती या वळणावर बसून कोणाची वाट बघेल?"

"तिकडे तरी तिचं काय बरं चाललंय?"

"नाही चाललेलं," लिओन्सिओ म्हणाला. "तिकडेही काही नाही."

लिओन्सिओनं दगडाला दोन्ही हात लावले. दगड मातीत रुतला होता, हलेना. सिक्स्तोनं मदतीला हात पुढे केला आणि मग रीत आठवून मागे घेतला. शेवटी दगड सुटला आणि उताराकडे तोंड करून पडला. लिओन्सिओनं कोकाची तीन पानं काढली, पण फुंकर घालताना काय म्हणायचं ते त्याला सुचेना. त्यानं पानं नुसतीच दगडाखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो दुधाच्या ट्रकमधून तालुक्याच्या गावी गेला आणि टपाल कचेरीतल्या बाकावर बसून त्यानं उत्तर लिहिलं.

"एदेल्मिरा, येऊ नकोस. तुझ्या आईचा दगड मी माझ्या हातानं आडवा केला आहे. सिक्स्तो साक्षीला होता. वाट गावानं सोडून दिली. पाहुणे येणार नाहीत. तुझा हिस्सा मी आधी झाडला तो माझा गुडघा दुखत होता म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं. मशीन विकू नकोस. खोकल्याला औषध घे. तुझा ताइता."

त्यानं पुन्हा वाचलं. सबंध पत्रात "कदाचित" हा शब्द कुठेच नव्हता. गुडघ्याच्या ओळीवर त्याची नजर थांबली. त्या सकाळी गुडघा खरंच एवढा दुखत होता का, की ओढ्याच्या वळणावर फावडं ठेवताना मनात दुसरं काही होतं, हे त्याला आठवून आठवून सांगता आलं नसतं. ती ओळ खोडली तर एदेल्मिरा येईल, हे मात्र त्याला पक्कं कळत होतं. त्यानं खोडली नाही.

खिडकीपलीकडच्या मुलीनं पाकीट तराजूवर ठेवलं. "लिमा? साधं पाठवू की लवकर जाणारं?"

"लवकर," लिओन्सिओ म्हणाला. "महिनाअखेरच्या आत."

तिनं शिक्का मारला, पाकीट मागच्या पोत्यात टाकलं आणि पुढच्या माणसाकडे पाहिलं.