दारासमोरचा खांब

आखातातल्या द पर्ल बेटावरच्या त्या घरात पाऊल टाकलं तेव्हाच ते मला आवडलं नव्हतं. जर्मनीतल्या कुठल्याशा वाइनच्या गावातल्या जुन्या घराची ही हुबेहूब नक्कल. लाकडी सांगाडा, मध्ये पांढरा गिलावा, जमीन उतरती, एक खिडकी इकडे तर दुसरी रुसल्यासारखी तिकडे. इथं रेस्टॉरंट होणार होतं, आणि उद्घाटनाआधी स्टाफच्या मुलांना बघायला बोलावलं होतं. साइट इंजिनीअर माझाच नवरा सागर, त्यामुळे कौतुक करणं भाग होतं.

मुलं वरच्या मजल्यावर नाचत होती. त्यात आमची लेक होती आणि तिनं हट्टानं आणलेली तिची मैत्रीण हनिया. हनियाची आई मुनीरा, फरीज बिन ओमरान या आमच्या वस्तीतली शेजारीण, मूळची दापोलीची, बाहेर सावलीत बसली होती.

सागर माझ्याजवळ आला. चेहरा पांढराफटक. त्यानं नजरेनंच वर दाखवलं. तुळईचं टोक खाचेतून बोटभर सरकलं होतं आणि पोरांच्या दर उडीला गिलाव्याची भुकटी गळत होती.

तो कानाशी सगळं बोलला. मूळ घरात तुळईखालचा खांब थेट दारासमोर होता. प्रोजेक्ट हेड श्यामराव म्हणाले, दारासमोर खांब म्हणजे द्वारवेध, धंदा बसतो, घे बाजूला. जर्मन घराला आमचं वास्तुशास्त्र! आणि आमच्या नंदीबैलानं मान डोलावली. आता तोंड उघडलं तर नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही.

"आपल्या पोरीला घेऊन ये," तो म्हणाला. "हळूच. कुणाला कळू देऊ नकोस."

मी जिना चढले. पायाखाली फळी दबली, तसं मी पाऊल कडेला टाकलं. लेकीचा हात धरला तर ती म्हणाली, "नॉट विदाउट हनिया, मम्मा." ओरडले असते तर सगळी एकदम जिन्याकडे धावली असती. मग मी खेळ काढला. मांजराच्या पावलांनी एकेकानं खाली जायचं, आवाज करेल तो आउट. पोरं हसू दाबत उतरू लागली. मी मनात रामरक्षा म्हणत होते आणि पुढची ओळ आठवत नव्हती. शेवटचं पोर बाहेर पडल्यावर मीही मागोमाग उतरले.

दारात श्यामराव टाळ्या वाजवत होते. "यल्ला, चला, पुढची बॅच सोडा वर."

मी सागरकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत राहिला. मला त्याचा संताप आला आणि कीवही आली.

"कुणाला वर सोडू नका," मीच म्हणाले. "खांब हलवल्यानं तुळई सुटतेय. सागरनं वेळेत पाहिलं, म्हणून तर त्यानं मला वर पाठवलं."

वाटलं, एवढ्यानं त्याची थोडी तरी बाजू सावरली.

दाराशी आलेल्या मुनीरानं हनियाला पोटाशी धरलं होतं. तिनं आवाजही चढवला नाही.

"सागरभाई, वहिनींना वर कुणाला आणायला पाठवलंत?"

सागरचा हात आमच्या लेकीच्या डोक्यावर होता. तो त्यानं हळूच काढून घेतला.