तीन खाचा

फोरमननी गिटार उलटी करून मांडीवर घेतली आणि कलिंगड पारखावं तसं बोटाच्या पेराने तिच्या पाठीवर ठोकून पाहिलं. एकदा खांद्याशी, एकदा कमरेशी, एकदा अगदी खाली. खालच्या ठोक्याला आत कुठेतरी बारीकसं किरकिरलं.

"ऐकलंस?" त्यांनी आपल्या मुलीला, मनीला विचारलं.

"नाही."

"येईल ऐकू. घाई नको."

चष्म्याच्या दुकानामागची ती खोली होती. भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, टेबलावर काड्या नसलेल्या फ्रेमा आणि फ्रेमा नसलेल्या काड्या. दुकानाचे मालक स्टुलाच्या टोकावर बसले होते. डॉक्टर घरच्या माणसाला तपासत असताना बसावं तसे. गिटार त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ जन्मभर जहाजांवर इंजिन सांभाळत हिंडला आणि गेल्या वर्षी वारला. 'बारा तारांची जुनी गिटार, परदेशी बनावटीची, एकहाती वापरलेली,' अशी जाहिरात चष्मेवाल्यांनी दिली होती, आणि ती वाचल्यापासून मनीला धीर निघत नव्हता.

मनी हे घरातलं नाव. बाहेर ती इस्पितळात लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सोडवते, आणि रविवारी तीन मैत्रिणींबरोबर गिटार वाजवते. सहा तारांची तिच्याकडे होती. बारा तारांची हवी होती, तीही जुनी, वाजून वाजून पिकलेली. जुनं घ्यायचं तर पारख हवी, आणि घरात पारखी असताना दार कोणाचं ठोठावायचं?

वाद्यांचा कारखाना बंद होऊन एकोणतीस वर्षं झाली, पण फोरमनना गल्लीत अजून सगळे फोरमनच म्हणत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसे तेही गिटार दिसली की आधी चूक शोधत. पुढचा तास त्यांनी तेच केलं. मान सरळ आहे का, हे एक डोळा मिटून पाहिलं. बाराही खुंट्या फिरवून पाहिल्या. तारा जिच्यावर अडकवलेल्या असतात त्या घोडीच्या कडेखाली कागदाचा कपटा सरकवून पाहिला. तो आत गेला नाही, म्हणजे घोडी पक्की होती. मग चष्मेवाल्यांकडून त्यांनी छोटी बॅटरी आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला मूठवाला आरसा मागून घेतला आणि गिटारीच्या गोल तोंडातून आत डोकावले.

आत एक लेबल होतं, परदेशी नावाचं, सोनेरी कडेचं. फोरमननी बॅटरी तिरकी धरली. लेबलाच्या बाहेर चारी बाजूंनी लाकडाचा फिकट चौकोन उमटलेला होता. म्हणजे इथे आधी दुसरं, मोठं लेबल होतं. त्यांनी आरसा मानेच्या बुडाकडे वळवला. तिथे ठोकलेला आकडा त्यांनी दोनदा वाचला आणि आरसा खाली ठेवला.

"काय झालं?" मनीने विचारलं.

"काही नाही. ते किरकिरतंय कुठे, ते बघू आधी. आतली एखादी पट्टी सुटली असेल. माझा पंजा जायचा नाही. तू हात घाल."

बारा तारा म्हणजे सहा तारांना सहा जोडीदारणी. सगळ्या मिळून ओढतात, आणि तो ताण पुढच्या फळीला पाठीमागून चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या सोसतात. त्या सुटल्या तर गिटार संपली. मनीने मधल्या तारा एकेक करून सैल केल्या. प्रत्येक तार उतरताना लहानसा उसासा टाकत होती. मग त्या बाजूला सारून तिने मनगटापर्यंत हात आत घातला.

"वर, फळीला लागून. तिरकी पट्टी लागतेय? तिच्यावरून खाली ये. नखाने उचकटून बघ."

"पक्की आहे."

"पुढची?"

"तीही पक्की. ही एक छोटी आहे, कडेची, ती जरा हलतेय."

"तीच किरकिरतेय. थेंबभर सरसाचं काम आहे. मोठ्या पट्टीच्या टोकाला जा. तिथे लाकूड उतरतं केलेलं असेल."

"आहे. आणि खाचा आहेत. पटाशीने मारल्यासारख्या." तिने डोळे मिटले, पेशंटच्या पाठीतली गाठ शोधताना ती मिटते तसे. "तीन आहेत."

"दोन असतील."

"तीन आहेत, बाबा."

"दुसऱ्या पट्टीला बघ."

मनीची बोटं आत पुढे सरकली.

"तिथेही तीन."

फोरमननी मांडीवरचा लाकडाचा न दिसणारा भुसा झटकला.

कारखान्यात पट्ट्यांच्या टेबलावर आठजणी होत्या. सरसाच्या डब्याची ऊब, रंधा मारलेल्या लाकडाचा गोडसर वास, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात तरंगणारी धूळ. आठांतल्या सातजणी पट्टीच्या टोकाला दोन खाचा मारत, कारण नकाशात दोन होत्या. आठवी तीन मारायची. दोन मारल्या की जाड तारा तोंडातल्या तोंडात बोलतात, असं तिचं म्हणणं. फोरमन म्हणायचे, वेळ जातो, दोनच मार. ती म्हणायची, बरं. आणि तीन मारायची. ती फोरमनची बायको होती, म्हणून तर ते तिच्याशी जास्तच कडक वागायचे. घरच्या माणसाला सूट दिली असं कोणी म्हणायला नको. कोणी किती पट्ट्या केल्या त्या यादीत दर महिन्याला तिचं नाव तळाशी लागायचं, आणि ती यादी लिहिणारा हात फोरमनचा होता. तयार गिटारी तपासायच्या खोलीत मात्र ते एकटे असले, की डोळे मिटून तिची गिटार ओळखायचे. वाजवून झाली तरी जरा वेळ मांडीवरच ठेवायचे.

मनी नऊ वर्षांची असताना बायको एक पिशवी घेऊन बहिणीकडे राहायला गेली, ती परत आली नाही. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर मिटलं तरी असतं. सुट्टीत मनी तिकडे जाऊन आली की फोरमन विचारायचे, "मावशी बरी आहे ना?" मनी म्हणायची, "बरी आहे." दोघांनाही कळायचं की चौकशी मावशीची नाही. पुढे मावशी वारली, आणि तो एक प्रश्न होता, तोही संपला.

"काही मोठा बिघाड आहे का?" चष्मेवाल्यांनी न राहवून विचारलं.

"बिघाड नाही हो," फोरमन म्हणाले. "पण तुम्हाला सांगायला हवं. ही परदेशी नाही. लेबल नंतरचं आहे. ही आमच्या कारखान्यात झालीय."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे दादा मला थापा मारायचा? बंदरावरच्या दुकानातून आणली म्हणायचा. पहिल्या पगाराची."

"तिथूनच आणली असणार. आमचा माल बोटीने बाहेर जायचा, तिकडे नाव बदलून विकला जायचा. तुमच्या भावाने समुद्रापलीकडून आणली ती आपलीच गिटार. खोटं बोलले नाहीत ते."

"त्याला कळलं असतं तर पोट धरून हसला असता," चष्मेवाले म्हणाले, आणि तेच जरा हसले. मग गंभीर झाले. "पण मग मी छापलं ते चूकच. तुम्हाला नको असेल तर मी समजू शकतो."

मनीचा हात अजून गिटारीच्या आतच होता.

"तीन खाचा कोणाच्या, बाबा?"

फोरमननी समोरच्या तक्त्याकडे पाहिलं. सगळ्यात खालची ओळ त्यांना इतक्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, तरी ते तीच वाचत असल्यासारखे बघत राहिले.

"तुझ्या आईच्या," ते म्हणाले.

तेहतीस वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता. काहीतरी घरगुती चाललंय हे चष्मेवाल्यांना उमगलं असावं. दुकानात कोणी आलं नव्हतं, तरी ते "आलो आलो" म्हणत बाहेर गेले.

मनीने हात काढला नाही. तिची बोटं आत कुठेतरी हळूहळू पुढेमागे फिरत असावीत; फळीवर घासल्याचा अगदी मंद आवाज बाहेर येत होता. बऱ्याच वेळाने तिने हात बाहेर काढला. बोटांना जुनी धूळ लागली होती. ती तिने पुसली नाही. तारा एकेक करून चढवल्या, सुरात लावल्या. बाराच्या बारा लावायच्या म्हणजे वेळ लागतो. फोरमन मध्ये मध्ये बोटाने वर, खाली एवढंच दाखवत होते.

मग तिने वाजवलं. साधंच, चार स्वरमेळ. जाड तारा मोकळ्या गळ्याने बोलल्या आणि त्यांच्या जोडीदारणी वर तरंगत राहिल्या. चष्मेवाले दारात येऊन उभे होते.

"मी घेते," मनी त्यांना म्हणाली. "तुम्ही सांगितलेल्या किमतीलाच."

गाडी बाहेर झाडाखाली होती. मनीने गिटार मागच्या सीटवर आडवी ठेवली आणि तिला पट्टा लावला. फोरमन पुढे बसले. मनीही बसली, पण किल्ली फिरवली नाही.

"तिचं बरोबर होतं, हे सांगितलं होतंत तिला कधी?"

"नाही."

"का?"

"आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो. मग ती गेली. पाठोपाठ जाऊन काय सांगणार? की खाचा बरोबर होत्या?"

"हो," मनी म्हणाली. "तेच."

रस्त्यावरून एक बाई नवा चष्मा लावून जात होती. पायरी उतरताना ती थबकली, पायाने जमीन चाचपली आणि मग उतरली. फोरमन तिच्याकडे बघत राहिले.

"दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी माझं शिबिर असतं ना," मनी म्हणाली.

"बरं मग?"

"शिबिर नसतं, बाबा."

फोरमननी हे ऐकलं. त्यांनी मान वळवली नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते बसले होते, आणि उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताच्या नखावरून फिरत होता.

"किती वर्षं?"

"मावशी गेली तेव्हापासून. त्याआधी तर तुम्हाला माहीतच होतं."

"हं."

एक पान काचेवर पडलं आणि घसरत वायपरशी अडकलं.

"दुपारी झोपायची सवय होती तिला," फोरमन म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी. कोणी उठवलेलं चालायचं नाही."

"अजून आहे. चारला उठते."

"तिकडे जायला किती तास लागतात?"

"साडेतीन."

फोरमननी मनगट लांब धरून घड्याळात पाहिलं. बारा वाजून गेले नव्हते. त्यांनी पट्टा ओढला. पहिल्यांदा खटका बसला नाही, दुसऱ्यांदा बसला.

"म्हणजे वाटेत जेवायला वेळ आहे," ते म्हणाले.