मी पाणीपाळीची सही

मित्रांनो, मी एक जुनी सही आहे. कागदावर शोधाल तर सापडणार नाही, मी संगणकातली. अंगाने इतकी बारीक, की एका फोटोच्या जागेत माझ्यासारख्या हजार मावतील!

माझा जन्म सावद्याचा. कहकशाने केळीच्या बागेची मोटर वेळेवर चालू-बंद करणारा प्रोग्राम लिहिला, 'पाणीपाळी'. तो तिने इंटरनेटवर फुकट ठेवला आणि आपल्या गुप्त किल्लीने मला घडवून त्याच्या शेजारी बसवलं. प्रोग्रामचं एक अक्षर जरी कोणी बदललं, तरी पडताळताना मी साफ नकार देते. पडताळायची उघडी किल्ली सगळ्यांसाठी होती. ती खरी कोणती हे ओळखता यावं, म्हणून तिचा चाळीस अक्षरी क्रमांक कहकशाच्या वडिलांनी, खाजाभाई पेंटरांनी, दुकानाच्या भिंतीवर लाल रंगात रंगवला. भोवती पिवळी किनारही काढली. येणारेजाणारे विचारत, "खाजाभाई, एवढा लांब मोबाइल नंबर कोणाचा?"

कौतुक सगळं पाणीपाळीचं. लोक तिला उतरवून घेत आणि मला मागेच सोडत. "ही फाइल उघडतच नाही," म्हणून कितीकांनी मला पुसून टाकलं. खोटं कशाला बोलू, मी रुसले होते.

गेल्या मे महिन्यात कोणीतरी मोटर बंद पाडणारी खोटी पाणीपाळी बनवली आणि 'नवीन आली' म्हणून बागायतदारांच्या ग्रुपवर टाकली. कहर म्हणजे, चोराने मलाच उचलून तिच्या शेजारी बसवलं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नशिराबादच्या जगदीशभाऊंनी तर लिहिलं, "सही सोबत आहे, बिनधास्त घ्या." सही दिसली की झालं, पडताळतो कोण?

सातपुड्याच्या पायथ्याशी गुंताबाईंच्या गटाने नुकतीच केळी लावली होती. त्या उन्हात मोटर दोन दिवस बंद राहती, तर रोपं करपून गेली असती. पण गुंताबाई बाजाराला आल्या तेव्हाच त्यांनी भिंतीवरचा क्रमांक वहीत उतरवला होता आणि किल्ली त्याच्याशी जुळवून घेतली होती. आता त्यांनी प्रोग्राम लावण्याआधी मला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी विचारलं! मी ठणकावून सांगितलं, ही आमची नाही.

त्यांनी लगेच फोन लावला. "कहकशा, हाई नवं पाणीपाळी तुनं शे का? बठ्ठा लोके लई राहिनात, पन सही जुयत नही!"

"गुंताअक्का, मी नवीन काही काढलंच नाही! बाकीचे घेत असले तरी लावू नका, मी सगळ्यांना कळवते."

जगदीशभाऊ ओशाळले, पण बसून राहिले नाहीत. ज्यांनी ज्यांनी घेतलं होतं, त्यांना स्वतः फोन करून त्यांनी ते काढायला लावलं. एकही बाग सुकली नाही. मला तर नाचावंसं वाटलं!

आता जगदीशभाऊ सावद्याला आले की चष्मा लावून भिंतीसमोर उभे राहतात आणि चाळीसही अक्षरं मोठ्याने वाचून पडताळतात. खाजाभाई आतून ओरडतात, "भाऊ, रंग तोच आहे, उडाला नाही!"

मित्रांनो, माझे लाड करू नका, मला मिरवू नका. फक्त काही उतरवून घेतलंत, तर शेजारी बसलेल्या माझ्यासारखीला एकदा विचारा. चोराच्या शेजारी बसवलं तरी मी खरंच सांगते.