राईतली विलायती गाडी

मितेश पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाच जिजाबाईच्या कपाळाला आठी पडली. हा पुतण्या घरी यायचा तो गणपतीत, नाहीतर भावकीत कुणी गेलं तर. आज दोन्हींतलं काहीच नव्हतं. बायकोची ती आठी कमळाकरनं बघितली, पण मनावर घेतली नाही.

"काका, तुझी गाडी परत चालू करूया," खुर्चीत टेकता टेकता मितेश बोलला. "किती वर्षं अशी सडत ठेवणार? काशिमिऱ्याला बंटी म्हणून माझ्या ओळखीतला आहे. जुन्या गाड्यांचंच काम करतो. खर्चाचं टेन्शन घेऊ नको, मी बसलोय ना."

 तीसेक वर्षांत त्या गाडीबद्दल कमळाकरशी कुणी असं सरळ तोंडानं बोललं नव्हतं. बोलायचे ते चेष्टेनंच.

गाडी विलायती होती. लाल रंगाची, दोनच सीटांची, डोक्यावर टप नसलेली, पुढचं नाक लांबलचक. कमळाकर तरुणपणी ग्रँट रोडच्या एका गॅरेजात डेंटर होता, गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करायचा, तिथं ती यायची. तिचा मालक बोटीवरचा कप्तान. तो कायमचा परदेशी निघाला तेव्हा गाडीला गिऱ्हाईक मिळेना. "तू हिला जीव लावलायस, तूच ने," म्हणून त्यानं ती कमळाकरच्या हवाली केली. टेम्पोला बांधून ती भाईंदरजवळच्या राई गावात आली तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं होतं. टप नसलेली, टोकदार नाकाची ती चीज बघून कुणीतरी म्हणालं, ही तर होडी! तेव्हापासून ती कमळाकरची होडी.

इंजिन तेव्हाच बंद पडलेलं होतं. पुढच्या दिवाळीला उतरवू, असं तो दरवर्षी म्हणायचा. मग गॅरेज बंद पडलं, आई अंथरुणाला खिळली, मुलीचं लग्न निघालं, आणि दिवाळ्या येत गेल्या, जात गेल्या. गाडी खाडीच्या अंगाला असलेल्या शेडमध्ये उभीच राहिली. शेडही त्यानंच बांधली होती, बांबूची आणि पत्र्याची. जमीन कागदावर थोरल्या भावाच्या नावावर, पण 'तो कोपरा कमळाकरचा' असं बाप जिवंतपणी चारचौघांत बोलून गेला होता. भावानं तो शब्द मरेपर्यंत पाळला. आता भाऊ नव्हता. त्याच्या मागं सगळं मितेशच्या हातात आलं होतं, आणि मितेश एका बिल्डरसाठी गावातल्या जमिनी गोळा करत फिरायचा. मोजणीवाले दोनदा येऊन गेले होते. कुलूपबंद शेड आणि आतली गाडी बघून, हे कुणाचं, असं विचारून परत गेले होते.

हे सगळं कमळाकरला ठाऊक होतं. ठाऊक असून त्यानं पेढा खाल्ला.

बंटी दोनच दिवसांत आला. हातात कडं, डोळ्यांना काळा चष्मा. कमळाकरनं कुलूप काढलं, ताडपत्री ओढली. धुळीचा लोट उठला. लाल रंग आता फक्त दारांच्या आतल्या बाजूला उरला होता, बाहेरून सगळी विटकरी, पापुद्रे सुटलेली. बंटीनं बॉनेटवर दोन टिचक्या मारल्या, एक चक्कर मारली, मोबाईलवर फोटो काढले.

"बन जाएगी, चाचा," तो म्हणाला. "एकदम हिरॉइन बन जाएगी."

"नीचे से देखा?" कमळाकरनं विचारलं.

"वर्कशॉप में लिफ्ट पे चढ़ा के देखेंगे ना आराम से."

कमळाकरला आपलं जुनं काम आठवलं. गॅरेजात असताना कुणी गंजकी गाडी घेऊन आला की मालक त्यालाच पुढं करायचा. कमळाकर गाडीखाली आडवा व्हायचा, दाराखालच्या पट्टीत आणि तळाच्या पत्र्यात स्क्रू ड्रायव्हर रुतवून बघायचा. रुतला नाही तर ठीक. आरपार गेला तर उठून, हात पुसत, तोंडावर सांगायचा, "साहेब, गाडी संपली. नवा पत्रा जोडायला खाली जुना तरी पाहिजे." मोठमोठी माणसं त्याच्यासमोर रडवेली झाली होती. त्यानं कधी कुणाला खोटा धीर दिला नव्हता.

स्क्रू ड्रायव्हर शेडमध्येच, खुंटीला लावलेल्या पिशवीत होता. मिठागरावरून येणारा खारा वारा तीस वर्षं त्या पत्र्याला चाटत होता, हेही तो जाणून होता. पण त्यानं पिशवीला हात लावला नाही. "बन जाएगी बोलतोय ना," तो स्वतःशीच म्हणाला, आणि ताडपत्रीची घडी घालायला लागला.

रात्री जेवताना जिजाबाईनं विषय काढला.

"त्याला गाडीचं काय पडलंय? त्याला जागा हवी हाय."

"सगल्यांना तुझ्यासारखंच समजतंस काय?"

"मंग त्याला सांगा, गाडी हितंच बनव. शेडमधीच. कारागीर हितं आन."

"हितं लिफ्ट हाय काय? गॅसची नळकांडी हायेत काय? तुला कललं असतं तर तू गॅरेजात गेली असतीस, मी चुलीपाशी बसलो असतो."

तिनं ताट उचलून मोरीत नेलं आणि नळ मोठा सोडला.

ज्या दिवशी गाडी निघाली त्या दिवशी मितेशनं थाट केला. गाड्या वाहून नेणारा सपाट ट्रक, झेंडूचा हार, नारळ. गल्लीतली पोरंटोरं, बायका, ओट्यावरचे म्हातारे, सगळे जमले. कमळाकरनं ठेवणीतला पांढरा शर्ट घातला होता. मितेश मोबाईल धरून पुढं उभा. "काका, कुलूप तू उघड. तुझ्या हातानं. हां, अस्सं. आता आतलं सामानपण काढून घे, काय राहायला नको. हस ना जरा!"

कमळाकर हसला. अगदी मनापासून हसला. पिशवी, जुनी टायरं, डबे, सगळं त्यानं स्वतः बाहेर आणून ठेवलं. चौघांनी ढकलत गाडी बाहेर काढली तेव्हा एक म्हातारा ओरडला, "होडी निघाली रं दर्याला!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ट्रक वळणावर दिसेनासा होईपर्यंत कमळाकर रस्त्यात उभा होता. जिजाबाई तेवढी घरातून बाहेर आली नाही.

त्यानंतर तो दर आठवड्याला बसनं काशिमिऱ्याला जायचा. बंटीच्या आवारात पंधरा-वीस मोडक्या गाड्या उभ्या होत्या, त्यांच्या शेवटच्या रांगेत, उघड्यावर, त्याची गाडी. प्रत्येक वेळी काहीतरी कारण तयार असायचं. कारागीर गावाला गेलाय, पार्ट मागवलेत, लिफ्ट बिघडलीय. कमळाकर गाडीपाशी थोडा वेळ उभा राहायचा, चहा प्यायचा आणि परत यायचा. घरी आल्यावर सांगायचा, "काम चालू हाय."

मग एके दिवशी सकाळीच मितेशचा फोन आला. "काका, आज इंजिन उतरवतायत. तू पाहिजेस तिकडे."

कमळाकर चहा अर्धा टाकून निघाला. काशिमिऱ्याला पोचला तर बंटी जागेवर नव्हता, आणि गाडीला कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. तो एका टायरवर बसून राहिला. दुपार कलल्यावर बंटीचा माणूस म्हणाला, "सेठ आज नहीं आएगा, चाचा." तेव्हा तो उठला.

राईला उतरला तर वळणावरच लोकांचा घोळका. त्याला बघून लोक बाजूला झाले. शेडच्या जागी मोकळी जमीन होती. नुसती मोकळीच नव्हे, सपाट केलेली, जेसीबीच्या दातांचे ओरखडे अजून ताजे. सभोवार निळे पत्रे ठोकायचं काम चालू होतं. रस्त्याच्या कडेला, शेडच्या मोडक्या बांबूंच्या ढिगावर जिजाबाई बसली होती. लुगडं मातीनं भरलेलं, कोपर सोललेलं.

"आडवी झाले मी," ती म्हणाली. "मशिनपुढं. त्यांनी आणलेल्या दोन बायांनी उचलून बाजूला ठेवली. तुमचा फोन लागंना."

फोन खिशात होता. बंटीच्या आवारालगतच्या हायवेच्या गोंगाटात त्याला ऐकू आला नव्हता.

तो तसाच मितेशच्या घरी गेला. मितेश जेवत होता. घास न थांबवता त्यानं समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बस, काका."

"माजी जागा व्हती ती. तुज्या आज्यानं दिलेली."

"आज्यानं बोललेलं. दिलेलं कुठंय?" मितेशच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "आणि शेड तर तूच खाली केलीस ना. सगळ्या गावासमोर." त्यानं डाव्या हातानं मोबाईल सरकवला. पडद्यावर पांढऱ्या शर्टातला कमळाकर कुलूप काढत होता, सामान बाहेर आणत होता, हसत होता. "वकिलानंच सांगितलं, असं रेकॉर्ड असलेलं बरं. जबरदस्ती केली असं उद्या कुणी बोलायला नको."

कमळाकर आपलं हसणं बघत राहिला. त्याला वाटलं, ताटासकट मितेशला उलथून टाकावं. पण हात उठलाच नाही. "तुजा बाप असता तर..." एवढंच तो बोलला आणि बाहेर पडला.

भाईंदर पूर्वेला मुलीच्या इमारतीत एक वकील राहायचे, त्यांच्याकडे तो जाऊन आला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दावा लावता येईल म्हणाले, पण ताबा गेलाय, आणि तो व्हिडिओ वाईट आहे, निकालाला वर्षानुवर्षं लागतील. "तुमचं वय काय?" त्यांनी विचारलं. कमळाकर उठला.

घरी जिजाबाई त्याच्याशी दोन दिवस बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "ती गाडी मी जलमभर शिव्या घालून बघितली. पन ती जागंवर व्हती तवर कोन आत आला न्हाय. तिनं राखन केली. तुमाला तेवढंबी जमलं न्हाय."

तो ऐकून घेऊन ओट्यावर जाऊन बसला. 

पुढच्या आठवड्यात बंटीचा फोन आला. गाडी उचला, जागा अडतेय. पाठोपाठ मितेशचाही आला, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. "काका, ऐक, चांगली बातमी आहे. आमच्या बिल्डर शेठनी गाडीचा फोटो बघितला. सँपल फ्लॅटच्या गेटवर ठेवायची बोलतायत. आतून काय करायचं नाही, वरून पुट्टी मारून लाल रंग. खाली लाइटिंग. बघ, तुझी गाडी तुझ्याच जागेवर परत येईल! तू फक्त हो बोल."

"बघून सांगतो," कमळाकर म्हणाला.

तो काशिमिऱ्याला गेला. या वेळी पिशवी बरोबर होती. बंटीला त्यानं नमस्कारही केला नाही. सरळ शेवटच्या रांगेत गेला, खाली पुठ्ठा अंथरला आणि या वयात जमेल तसा आडवा होऊन गाडीखाली सरकला. दाराखालच्या पट्टीला स्क्रू ड्रायव्हर लावला. दाबावंसुद्धा लागलं नाही. तळाचा पत्रा बोटानं चुरला आणि त्याच्या तोंडावर पडला. चेसिसला मधोमध हाताएवढं भगदाड होतं, त्यातून वरची सीट दिसत होती. हे काल-परवाचं नव्हतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच ती संपलेली होती. त्यानं एकदा खाली वाकून बघितलं असतं तर मितेशच्या पेढ्यांना तेव्हाच दार दाखवता आलं असतं. पण वाकलं की कळणार, म्हणूनच तो इतकी वर्षं वाकला नव्हता.

तो बाहेर आला आणि तोंडावरचा गंज पुसला. बंटी जवळ आला.

"क्या बोलते हो, चाचा? पेंट करके भेज दूँ?"

"गॅस कटर है?"

"है. क्यूँ?"

"लाओ."

बंटीनं पोरांना हाक मारली. कमळाकरनं चष्मा चढवला, ज्योत बारीक केली. ती पत्र्याला लावली. बॉनेट, दारं, मागचा भाग, लांबलचक नाक. दारांच्या आतला लाल रंग फुगून काळा पडला. दुपारभर तो कापत राहिला, आणि भंगारवाल्याचा टेम्पो आला तेव्हा तुकडे चढवायलाही त्यानंच हात लावला. मन हलकं होईल असं त्याला वाटलं होतं. ते झालं नाही. नुसते हात भाजले होते.

मितेशचं त्यावाचून काही अडलं नाही. महिन्याभरात गेटवर फायबरची एक गाडी येऊन बसली, तशीच लाल, तशीच दोन सीटांची, टप नसलेली. संध्याकाळी खालून दिवे लागतात आणि फ्लॅट बघायला आलेली जोडपी तिच्यात बसून फोटो काढतात.

गावात सगळे तिला कमळाकरचीच गाडी समजतात. म्हाताऱ्यानं बोंब मारली, पण शेवटी गाडी दिली आणि वर चांगले पैसे घेतले, असं ओट्या-ओट्यावर बोललं जातं. सुरुवातीला तो थांबून सांगायचा, ती माझी नव्हे, माझी मी कापली. लोक ऐकायचे आणि एकमेकांकडे बघून हसायचे. परवा बसमध्ये एकानं खांद्यावर थाप मारून विचारलं, "काय कमळाकर, होडी मस्त बनवली रं त्यांनी! खूश ना?"

"हां," कमळाकर म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला.