न्यायप्रविष्ट

“खाली बसा, लांतिंग! माईक बंद केलाय मी.”

“माईक कशाला पाहिजे? नदीकाठचा गळा आहे हा!” आमचा आमदार लांतिंग ओरडला. “सोमवारी कंपनीची यंत्रं एन्सावाच्या डोंगरावर चढणार. तिथल्या डुरियानच्या झाडांखाली आमची माणसं पुरलीयत. काम थांबवायचं का, एवढी चर्चा तरी होऊ द्या!”

“प्रकरण न्यायप्रविष्ट आहे,” सभापती कुंबोंग म्हणाले. “चर्चा होणार नाही.”

“मग दावा कुणी लावला होता, तेही सांगून टाका की!”

सभागृह खो खो हसलं. दावा कुंबोंगनंच लावला होता.

तेव्हा तो वकील होता, आमच्या लांबघराचा पहिला वकील. एका छपराखालच्या सगळ्या चुलींनी त्याला वाढवलं. हिचा भात, तिचा मासा, कुणाच्या घरचं पांघरूण. आई बाळंतपणात गेली, तर सेन्दाई मावशीनं त्याला पाठीशी बांधून शेत खुरपलं. पुढे त्यानंच तिला कोर्टात साक्षीला उभं केलं. तिनं झाडाझाडाखाली कोण निजलंय ते गाण्यासारखं सांगितलं, तेव्हा न्यायाधीशसुद्धा लिहायचे थांबले होते. मग पक्षाचं बोलावणं आलं. वकिलाचा आमदार झाला, आमदाराचा सभापती. दाव्याला तेवढी पुढची तारीख मिळत राहिली.

नियमात फट होती. सभापतींना योग्य वाटलं, तर चर्चा होऊ शकत होती. वकील कुंबोंगनं त्या फटीत खांदा घालून अख्खं दार उघडलं असतं. पण पहिल्या बाकावरून मुख्यमंत्री बघत होते. सभापतींनी पुढचा विषय पुकारला.

मधल्या सुटीत व्हरांड्यात सेन्दाई मावशी समोर आली. होडीनं, मग बसनं आलेली. वरच्या गॅलरीत बसून तिनं सगळं ऐकलं होतं.

“जेवलीस का, मावशी?”

“जेवणाचं राहू दे. कोर्टात गेलं की पुढची तारीख. इथं आलं की म्हणे कोर्टात जा. मग बोलायचं कुठं रे आम्ही?”

“नियम आहे, मावशी. माझ्या हातात काही—”

“हातोडा तर तुझ्याच हातात होता.”

तो कसनुसा हसला. “दुसरी जागा मागून घेतो ना पुरायला. सपाट, चांगली. वर सिमेंटचा रस्ता.”

“बरं झालं. तुझी आईपण त्या डोंगरावरच आहे. चिखलातून चालून दमली असेल बिचारी.”

शिपाई लगबगीनं आला. “तुआन, घंटा झाली.” तुआन म्हणजे साहेब.

वडीलधाऱ्यांपुढून जाताना कमरेत वाकायचं, उजवा हात खाली सोडायचा, ही आमची रीत. त्याला ती मावशीनंच शिकवली होती. आता त्याच्यापुढून जाताना ती म्हातारी वाकली. उजवा हात जमिनीकडे सोडला.

“जाऊ द्या, तुआन,” म्हणाली, आणि जिना येईपर्यंत तशीच वाकून चालत गेली.