सहा कवड्या, तोंडाला तोंड

मी एक जुनी कवडी आहे, मित्रांनो. हसू नका. तुमच्यात 'कवडीची किंमत नाही' म्हणतात, ठाऊक आहे मला. पण माझ्यावर तीन जीव टांगले होते एकदा. त्या दिवशीची भीती अजून अंगात आहे.

जन्म समुद्रात. मग गलबत, मग गाढवाची पाठ. उत्तरेकडच्या हौसा लोकांतल्या व्यापाऱ्यांनी आम्हाला गोणीत भरून पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा मुलखात आणलं. इलू-ओदो गावात अवेरो नावाची बाई होती, निळीच्या रांजणात सूत रंगवायची. कोपरापर्यंत हात निळे. तिने मला बाजारात खर्चलं नाही. पाठीला भोक पाडून डबीत ठेवलं. म्हणाली, "तू पैसा नाहीस गं. तू बोलायचं."

म्हणजे कसं, सांगते. आमच्याकडे निरोप कवड्यांनी जायचा. आमच्या बोलीत 'सहा' म्हटलं की 'ओढ' ऐकू येते. 'आठ' म्हटलं की 'आपण सारखे'. म्हणून सहा कवड्या तोंडाला तोंड लावून ओवल्या की अर्थ झाला, 'जीव ओढतोय, भेटू दे.' आणि त्याच सहा पाठीला पाठ लावून ओवल्या की, 'तुझं तोंड बघायचं नाही.' कवड्या त्याच, दोरा तोच. नुसत्या फिरवल्या की संपलं.

ते लढायांचे दिवस. इलू-ओदोच्या तीन बाजूंना सैन्य येऊन बसलं होतं. पकडलेली माणसं दोरीला बांधून किनाऱ्याकडे विकायला न्यायचे, ती परत यायची नाहीत. अवेरोची लेक आधीच्या धाडीत गेली होती. मागे दोन नातवंडं उरली. टेकडीवरच्या ओके-इरोको गावाला भक्कम तट होता, आणि तिथे अवेरोचा सख्खा भाऊ राहायचा, ओजेलादे, विणकर. पण वेशीचं दार परक्याला उघडायचं नाही असा हुकूम. गावातल्या कुणी 'माझं माणूस' म्हटलं तरच आत.

आणि भाऊ बोलत नव्हता. तीन वर्षं. आईच्या प्रेताला पांघरलेलं कापड त्याने विणलेलं, सूत हिने रंगवलेलं. पावसात रंग आईच्या अंगावर उतरला. तो म्हणाला, "घाईघाईत रंगवलंस." ती म्हणाली, "तुझी वीणच सैल." बस. तेवढ्यावर दोन घरं तुटली.

अवेरोने आम्हा सहा जणींना ओवलं, तोंडाला तोंड. हात निळीतून तसेच काढलेले, ओले. पानात गुंडाळून तिने पुडी कोला विकणाऱ्या म्हातारीला दिली. तिला सगळे इया ओलोबी म्हणत, म्हणजे कोलावाली आई. कोलाच्या कडू बिया चघळायला सगळ्यांनाच लागतात, म्हणून लढाईतही तिला कुणी अडवायचं नाही.

"इया, उघडून बघू नकोस. आणि वाटेत गप्पा मारत बसू नकोस."

"पोरी, तू रांजणाला शिकव, मला नको. तुझ्या जन्माआधीपासून निरोप नेते मी."

म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, नीट दिसायचं नाही. हे ती कुणाला सांगायची नाही.

ओढ्यापाशी लढाईतले चार जण आडवे आले. भुकेले, डोळे तांबारलेले. एकाने टोपलीत हात घातला.

"काय गं म्हातारे, पानात काय लपवलंस? सोनं?"

"माझे दात आहेत, लेका! पडले तसे जपून ठेवलेत. घे, तुला लाव!"

बाकीचे हसले. त्यानेही हसता हसता टोपलीला लाथ मारली. पुडी फाटली, दोरा सुटला आणि मी चिखलात गेले.

मित्रांनो, मला तोंड आहे, तोंडात दातही आहेत, पण हाक मारता येत नाही. वर त्याचा पाय होता. टाच खाली आली, अगदी माझ्या कडेला. मी वाचले, पण जीव थाऱ्यावर नाही. पाचच मिळाल्या तर? सहाचे पाच झाले की ओढ कुठली!

ते गेल्यावर इया रांगत रांगत चाचपायला लागली. "एक... तीन... पाच... अगं सटवे, तू कुठे मेलीस?" शेवटी तिच्या पायाच्या बोटांना मी लागले. तिने घाईने सगळ्यांना ओवलं. आमची तोंडं चिखलाने गच्च भरलेली, पाठ कुठली नि पोट कुठलं बोटांना कळेना. गाठ मारली आणि निघाली.

आणि मला कळलं. माझ्या तोंडापुढे मोकळी हवा होती.

पाठीला पाठ लावली होती म्हातारीने.

टेकडी चढेपर्यंत मी मनात ओरडत होते. थांब गं बाई, उलटं झालंय, उलटं! कोण ऐकतंय?

ओजेलादे मागावर बसला होता. माळ हातात घेतली आणि चेहरा दगडासारखा झाला.

"तीन वर्षांनी हे? गाव बुडायला आलं तरी पाठच दाखवते! दाखवू दे. इया, जा तू. वेशीवर सांग, माझं खाली कुणी नाही."

 काय झालं ते इयाला तिथेच उमगलं. पण निरोप सांडला हे कबूल करायचं म्हणजे पुन्हा तिच्या हातात ना कोणी निरोप देणार, ना विकायला कोला. ती दाराकडे वळली.  गेली, गेली ती नातवंडं.

ओजेलादेने माळ तोडायला बोटं घातली आणि थबकला.

"ही गाठ कुणाची?"

इया दारातच थांबली.

"अवेरो सुटणारी गाठ मारते. सुताच्या लडी रांजणातून काढून सोडायच्या असतात तिला. लहानपणापासून बघतोय मी. ही टोपलीची गाठ आहे, इया. कापावी लागते ती."

म्हातारी मटकन खाली बसली. "सांडली रे बाबा. ओढ्यापाशी सांडली. मला दिसत नाही हल्ली. पाठीला पाठ मीच लावली. तिने कशी लावलेली, देवाशपथ, मी बघितलंच नाही."

"म्हणजे कशीही असेल."

"कशीही असेल," इया रडत म्हणाली. खोटं बोलून 'तोंडाला तोंड होतं' म्हणता आलं असतं तिला. पण तसं ती म्हणाली नाही.

ओजेलादेने पाणी मागवलं. आम्हाला एकेक करून धुतलं. माझ्या तोंडातला चिखल काडीने काढला आणि मला उजेडात धरलं. पाठीवर निळा ठसा होता, अवेरोच्या अंगठ्याचा. सहाही जणींच्या पाठीवर नीळ. तोंडं मात्र पांढरी स्वच्छ. अवेरोने ओवताना ती एकमेकींना चिकटलेली होती, तिथे तिचं बोट पोचलंच नव्हतं.

त्याने तो ठसा अंगठ्याने चाचपला. मग म्हणाला, "वेडी! अजून हात न पुसताच काम करते."

आणि आपल्या डबीतून दोन कवड्या काढून त्याने आमच्यात ओवल्या. आठ झालो. तोंडाला तोंड.

माळ घेऊन इया खाली गेली, आणि तो वेशीवर सांगून आला, 'माझी माणसं येतायत.' दुसऱ्या दिवशी दुपारी अवेरो दोन्ही नातवंडांना घेऊन वेशीत आली. मागे इलू-ओदोचा धूर दिसत होता. आईच्या कापडाचा विषय कुणीच काढला नाही. ओजेलादे एवढंच म्हणाला, "हात धू आधी."

पुढे गोरे साहेब आले. कवडी चालायची बंद झाली. निरोप कागदावर जायला लागला, टपाल कचेरीत पूर्वेकडचा एक इग्बो कारकून बसायचा, त्याच्या हातून. आता मी अवेरोच्या पणतीच्या खेळण्यांत पडून असते. ठसा पुसट झालाय, पण आहे.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. माझं आयुष्य झालं. पण कुणाचा शब्द तुमच्या हातात दिला असेल तर जपून न्या. आणि वाटेत सांडलाच, तर सांडला म्हणा. मनाने ओवून देऊ नका.